सलग दोन तास

आमच्या वढू बुद्रुकला बाहेरगावचा माणूस येतो तो छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्यायला. भीमेकाठचं हे गाव. फाल्गुनातल्या अमावास्येला, महाराजांच्या बलिदानाच्या तिथीला, इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र ऊस, कांदा, दुधाच्या किटल्या आणि सणसवाडीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांच्या मोटारसायकली, असं चार गावांसारखंच गाव. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन मी इथल्या जुन्या घरात येऊन राहिलो. अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायची आणि संध्याकाळी बांधाबांधाने फिरायचं, एवढाच बेत होता. शिकवणी घ्यायचा विचार स्वप्नातही नव्हता.

पण २०२४ च्या ऑगस्टात, नागपंचमी होऊन एक-दोन दिवस झाले असतील, शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई आपल्या पाचवीतल्या मुलीचा हात धरून ओट्याशी आली. नवरा एका कारखान्यात कंत्राटी कामगार, ती स्वतः दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला आणि कांदा लागणीला जाणारी. दहा-अकरा वर्षांपूर्वी मराठवाड्यातून पोटासाठी आलेलं हे कुटुंब. म्हणाली, ‘‘अण्णा, हिचा नवोदयचा फारम भरलाय. गुरुजी म्हणत्यात पोरगी हुशार हाय, पण पेपर पुरा करीत न्हाई. तुम्ही ब्यांकेतले. हिच्याकडून जरा पेपर सोडवून घ्या की.’’

मुलीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. दहा वर्षांच्या पोरीचं नाव पेपरात छापून यावं, असं अजून तिने काही केलेलं नाही, आणि नापास झाल्यासारखं तर मुळीच काही केलेलं नाही.

नवोदय म्हणजे काय, हे शहरी वाचकांना कदाचित नीट माहीत नसेल. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना उत्तम निवासी शिक्षण मिळावं म्हणून केंद्र सरकारने ही विद्यालयं काढली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. पुणे जिल्ह्याचं नवोदय विद्यालय आमच्याच शिरूर तालुक्यात, शिक्रापूरला आहे. सहावी ते बारावी तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. राहण्या-जेवणाचा, गणवेशाचा, पुस्तकांचा भार सरकारवर. जागा ८०, आणि इच्छुक अख्ख्या जिल्ह्यातले. त्यासाठी पाचवीत असताना निवड चाचणी द्यावी लागते. प्रश्न ८०, गुण १००, वेळ दोन तास. मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. सहावीच्या प्रवेशासाठी ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू, ही सोय इथे नाही.

दोन तास म्हणजे आपल्याला काय वाटतात? एक सिनेमासुद्धा पुरा होत नाही. पण ज्या मुलीच्या शाळेतला तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यातही हजेरी, फळा पुसणं आणि शेजारच्या वर्गाचा गलका, तिने मान वर न करता १२० मिनिटं बसायचं, ही साधी गोष्ट नाही.

पहिल्याच रविवारी मी तिला पुरा पेपर दिला. वेळ साडेअकराची, कारण खरी परीक्षाही साडेअकराला सुरू होते. उत्तरपत्रिकेचे गोल मी पट्टी-पेन्सिलीने आखले होते. पहिला अर्धा तास ती अशी काही सरसर गेली, की मी मनात म्हटलं, गुरुजींचं काहीतरी चुकतंय. मग हळूहळू पाय हलायला लागला. पाऊण तासाने पाणी. तासाने खिडकीबाहेरची म्हैस. दीड तासाने डोकं हातावर टेकलेलं. शेवटी शेवटी तर ती गोल नुसतेच भरत होती, प्रश्न वाचत नव्हती.

तपासलं तेव्हा ८० पैकी ४९ बरोबर आले. मानसिक क्षमतेचे २६, गणिताचे १४, आणि भाषेचे २० पैकी अवघे ९. भाषा कुठली, तर मराठी! जिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर थांबत नाही, तिची मायबोलीतच दांडी उडाली. भाषेच्या विभागात चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. ‘कोणते विधान चुकीचे आहे?’ असं विचारलं होतं, तिथे पोरीने बरोबर असलेलं विधान निवडलं होतं. एकदा नव्हे, तीनदा.

मी दोन दिवसांनी, सकाळी ती शाळेला जायच्या आधी, तसेच चार नवे उतारे तिच्यापुढे ठेवले. फक्त तेवढेच. २० पैकी १७ बरोबर. पुढच्या रविवारी क्रम उलटा केला. आधी भाषा, मग मानसिक क्षमता, शेवटी गणित. भाषेत पुन्हा १७ आले, पण गणित चौदावरून आठावर घसरलं. म्हणजे रोग भाषेचाही नव्हता आणि गणिताचाही नव्हता. जो विषय शेवटच्या चाळीस मिनिटांत सापडेल, तो मार खात होता. पोरगी अभ्यासात कच्ची नव्हती. तिला बसायची सवय नव्हती.

हे मला लगेच ओळखू आलं, त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, बँकेला आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा खातेवह्या हाताने लिहिल्या जात. बँकांचं वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपे. १९८९ पासून ते ३१ मार्चला संपू लागलं. वर्षअखेरीला रात्र रात्र जागून ताळा जमवायचा. दुपारपर्यंत बिनचूक बेरजा करणारा माणूस रात्री दहानंतर ५४ चे ४५ लिहायचा. आमचे जुने अकाउंटंट फरकाला आधी नऊने भागून बघत. निःशेष भाग गेला, की म्हणत, ‘‘कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ज्याने रात्री लिहिलंय, त्याची पानं आधी काढा.’’ रागावत मात्र कधी नसत. थकलेल्या माणसाला ते उठवत, चहा पाजत आणि त्याची वही दुसऱ्याकडे देत. थकव्याची चूक आणि अज्ञानाची चूक या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दुर्दैवाने घरी ते वापरायला विसरलो.

ही गोष्ट सांगायला जरा जड जाते, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. माझा मुलगा २००८ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला बसला. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. आजही अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत तीन-तीन तासांचे दोन पेपर एकाच दिवशी असतात. त्या वर्षभरात मी त्याच्याकडून सराव पेपर सोडवून घेण्याचा सपाटा लावला होता. क्लासचे वेगळे, बाजारातले वेगळे, मित्राच्या मुलाकडून आणलेले वेगळे. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तर रोज एक. प्रत्येकावर मी तारीख घालून फाइलला लावत असे. एकूण ४१ झाले होते. चारचौघांत मी तो आकडा अभिमानाने सांगायचो.

परीक्षेच्या दिवशी दुपारचा पेपर सुटला तेव्हा मुलगा सगळ्यांत शेवटी बाहेर आला. चेहरा कोरा. म्हणाला, ‘‘बाबा, शेवटचा तासभर मला अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती.’’ निवड झाली नाही. पुढे दुसऱ्या कॉलेजातून तो इंजिनिअर झाला, आज बंगळूरला सुखात आहे, आणि त्या गोष्टीचा त्याने कधी बाऊ केला नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळीत सहज बोलता बोलता म्हणाला, ‘‘तुम्ही रोज विचारायचात, किती पेपर झाले. कुठे चुकलं, कधी चुकलं, का चुकलं, हे एकदाही विचारलं नाहीत.’’ बँकेत चाळीस माणसांच्या चुका शोधणारा मी, पोटच्या पोराच्या ४१ पेपरांतली एक चूक मला दिसली नव्हती. मी पेपर मोजत होतो.

म्हणून या पोरीच्या बाबतीत मी ठरवलं, की आधी मोजणं बंद.

आमच्या गावाकडे तालमीत नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. पंचवीसने सुरुवात, मग तीस, मग चाळीस. मांड्या भरून आल्या, की एक दिवस विसावा. तोच हिशेब इथे लावला. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी फक्त वीस मिनिटं. पण ती वीस मिनिटं सलग. पाणी आधी पिऊन घ्यायचं, लघवीला आधी जाऊन यायचं, पेन तपासून ठेवायचं, आणि घड्याळाने वीस मिनिटं दाखवेपर्यंत मान वर करायची नाही. पुढे दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवत गेलो. गणपती-नवरात्र होऊन दिवाळीला पोचलो तेव्हा १२० मिनिटांचा टप्पा आला. दिवाळीत आठवडाभर सुट्टी दिली. पोरीने किल्ला केला, फराळ हाणला, आणि परत आली तेव्हा तिची बैठक मोडलेली नव्हती, उलट पक्की झाली होती.

पण खरी अडचण कुठे होती, हे मला सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांतच कळलं होतं. तिच्या आईला मी म्हटलं होतं, ‘‘रोज संध्याकाळी तिला घरी वीस मिनिटं बसवा.’’ बाई मान डोलावून गेली. पण त्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस मिनिटं आणायची कुठून? पोरगी पुस्तक उघडायची तोच ‘बाळाला घे’, ‘नळाला पाणी आलं, हंडा लाव’, ‘दुकानातनं मीठ आण’, ‘बापाला चहा दे’. यातलं एकही काम बिनगरजेचं नव्हतं, आणि कुणीही दुष्ट नव्हतं. फक्त त्या घरात कुणाकडेच सलग असं काही नव्हतं. बापाची पाळी बदलती, आईचं काम रोजंदारीचं, नळ दिवसाआड. अशा घरातल्या मुलीची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी ती पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांतच चालायला शिकते. मग आम्ही म्हणतो, पोरीचं लक्ष लागत नाही.

हा माझ्या एकट्याचा तर्क नाही. उत्तर प्रदेशात लखनौकडच्या प्राथमिक शाळांतल्या सुमारे १६०० मुलांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २०२२ साली पुढे आले. काही मुलांना शाळेच्या वेळेतच सलग डोकं चालवण्याचा सराव दिला. कुणाला गणितं, तर कुणाला अभ्यासाशी संबंध नसलेले, पण डोकं लावावं लागेल असे खेळ. दोन्ही गटांत एकच गोष्ट दिसली. चाचणी लांबत जाते तशी मुलांची कामगिरी घसरते, ती घसरण या मुलांमध्ये २२ टक्क्यांनी कमी झाली. गणित सोडवणारी असोत की खेळ खेळणारी, फायदा जवळपास सारखाच. याच अभ्यासकांनी असंही दाखवून दिलं, की गरिबांची मुलं लवकर थकतात, आणि त्यांच्या शाळांत सलग विचार करण्याची संधीही कमी मिळते. म्हणजे टिकून बसणं ही देवदत्त देणगी नाही. ती सवय आहे, आणि इतर अनेक सवयींप्रमाणे तीही ज्याच्या घरी सोय, त्यालाच आधी लागते.

हे वाचल्यावर मी माझं काम बदललं. शिकवायला शाळेतले गुरुजी समर्थ होते. माझ्याकडे द्यायला होता तो ओटा, एक पाट, एक घड्याळ आणि कुणी हाक मारणार नाही अशी वेळ. संध्याकाळी सहा ते सात पोरगी आमच्या ओट्यावर बसे. बाळाला माझी बायको सांभाळी. हंडा मी भरून ठेवी. हसू नका. निवृत्त बँक अधिकाऱ्याने शेजाऱ्याचा हंडा भरला, म्हणून गावात चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी थांबली.

दिवाळीनंतर दर रविवारी एक पुरा पेपर. आठवड्यात एकच, जास्त नाही. आणि सोमवारी त्याच पेपराची झडती. झडतीसाठी एक वही केली होती, तिला तीन रकाने. पहिला ‘माहीत नव्हतं’, दुसरा ‘घाई केली’, तिसरा ‘दमले होते’. चूक कुठल्या रकान्यात जाते, ते तिने ठरवायचं, मी नाही. पहिल्या रकान्यातल्या चुका गुरुजींकडे जायच्या. दुसऱ्या रकान्यासाठी एक साधा नियम केला, की प्रश्नातल्या ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘वेगळे’ अशा शब्दांखाली आधी रेघ मारायची. आणि तिसऱ्या रकान्यासाठी विसावा. दर वीस प्रश्नांनंतर पेन खाली, डोळे मिटायचे, मनात वीस अंक मोजायचे, एक खोल श्वास, की पुढे. अशा तीन विसाव्यांना मिळून जातो एखादा मिनिट, पण त्यात शेवटचा अर्धा तास वाचतो. डेन्मार्कमधल्या सरकारी शाळांतल्या सुमारे वीस लाख चाचण्या तपासून २०१६ साली काही संशोधकांनी दाखवलं, की दिवस चढत जातो तसे मुलांचे गुण हळूहळू उतरतात, आणि वीस-तीस मिनिटांची सुट्टी मिळाली की पुन्हा सावरतात. परीक्षेच्या वर्गात वीस मिनिटं कोण देणार? तिथे वीस सेकंदांवरच भागवावं लागतं.

गोल भरण्याचीही तालीम लागते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरले, तर ८० गोलांना ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. घरी वहीत ‘अ, ब, क, ड’ लिहून सराव करणाऱ्या मुलाची ही सात मिनिटं परीक्षेत अचानक नाहीशी होतात. शिवाय एखादा प्रश्न सोडला आणि त्याचा गोल सोडायचा राहिला, की पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. बँकेत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात पडावी, तसला प्रकार. म्हणून दर पाच प्रश्नांनी अंक जुळवून पाहायची सवय लावली.

एका रविवारी देवळात सप्ताह चालू होता आणि कर्णा थेट आमच्या ओट्याकडे तोंड करून लावला होता. माझी बायको म्हणाली, ‘‘आज राहू द्या.’’ मी म्हटलं, ‘‘आजच घ्यायचा.’’ परीक्षेच्या वर्गात खाकरणारा पर्यवेक्षक असतो, करकरणारा बाक असतो, शेजारी रडवेलं झालेलं मूल असतं. पोरीने त्या दिवशी नेहमीपेक्षा चार कमी मिळवले, पण पेपर पुरा केला. दुसऱ्या एका रविवारी तिला ताप होता. त्या दिवशी मात्र पेपर दिला नाही. तापातल्या पोराकडून पेपर सोडवून घेणारा बाप मी एकदा होऊन गेलो होतो.

सराव चाचणीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, की ती म्हणजे आधी केलेल्या अभ्यासाची मोजणी. प्रत्यक्षात चाचणी हाच एक अभ्यास आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आईबापांना मात्र पाठांतराचा आवाज ऐकू आला, की बरं वाटतं. गप्प बसून आठवणारं मूल त्यांना रिकामं बसल्यासारखं दिसतं.

ज्यांच्या घरी मोठी मुलं आहेत, त्यांच्यासाठीही हिशेब हाच, फक्त आकडे मोठे. जेईई मेन म्हणजे तीन तासांत ७५ प्रश्न. आपल्या राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि गणित मिळून १५० प्रश्न, नव्वद-नव्वद मिनिटांच्या दोन भागांत. वैद्यकीयच्या नीटमध्ये २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, आणि वेळ होती दुपारी दोन ते पाच. म्हणजे जे मूल वर्षभर रात्री दोनपर्यंत जागतं आणि दुपारी जेवून ताणून देतं, त्याची परीक्षा नेमकी त्याच्या झोपेच्या वेळी येते. अशा मुलाला आणखी दहा पेपर आणून देण्यापेक्षा, शेवटचे दोन महिने त्याचं जेवण हलकं करा, रात्रीची झोप पुरी होऊ द्या आणि पेपर दुपारी दोनलाच सोडवायला सांगा. घोडा शर्यतीच्या वेळेला जागा असला पाहिजे.

५ जानेवारीच्या रविवारी शेवटचा सराव पेपर झाला. मानसिक क्षमतेत ३४, गणितात १७, भाषेत १६. ८० पैकी ६७. ‘दमले होते’ या रकान्यात एकच चूक होती. त्यानंतर पुरा पेपर नाही. शेवटच्या आठवड्यात तर ओट्यावर आम्ही सागरगोटे खेळलो. तालमीतला पैलवान कुस्तीच्या आदल्या दिवशी घाम काढत नाही.

१८ जानेवारी २०२५. शनिवार. तालुक्यातल्या एका शाळेत केंद्र होतं. आई रोजंदारी बुडवून आली होती, बाप रात्रपाळी करून थेट तिथेच पोचला होता. आत जाताना पोरीने मागे वळून पाहिलं आणि हाताची घडी घालून डोळे मिटून दाखवले. विसावा लक्षात आहे, असं सांगत होती. दोन तास आम्ही लिंबाखाली बसलो. आजूबाजूला दीड-दोनशे आईबाप असतील. कुणी स्तोत्र पुटपुटत होतं, कुणी मोबाइलवर साहेबाची माफी मागत होतं. मुलाच्या परीक्षेचा तो दुपारचा दिवस मला सारखा आठवत होता.

ती बाहेर आली ती उड्या मारत. म्हणाली, ‘‘आजोबा, शेवटचा उतारा मी दोनदा वाचला.’’

पुरा झाला का, किती बरोबर, सोपा की अवघड, यातलं काहीच मी विचारलं नाही. शेवटचा उतारा दोनदा वाचला, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत तिचं डोकं जागेवर होतं. मला जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

मार्चअखेरीला यादी लागली. तिचं नाव त्यात नव्हतं.

जिल्ह्याच्या ८० जागा, त्यात न बसणं यात लाज कसली, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण खरं सांगू, त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण आधी भेटलो असतो, तिसरीपासून तिला रोज हा एक तास मिळाला असता तर, असं मनात येत राहिलं. पोरीने दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली, ‘‘आजी, फेब्रुवारीत शिष्यवृत्तीचा पेपर झाला ना, तो दीडच तासाचा होता. आमच्या वर्गातली सगळी पोरं दमली. मला वाटलं, एवढ्यात संपला?’’ पाचवीच्या शिष्यवृत्तीला तेव्हा दीड-दीड तासाचे दोन पेपर होते, प्रत्येकी ७५ प्रश्नांचे. ते आता तिला आखूड वाटत होते.

एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी मी सहज त्यांच्या खोलीकडे गेलो, तर बाप दाराबाहेर उंबऱ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. पाळी सकाळची असावी. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, ‘‘अण्णा, सात वाजेस्तोवर थांबा. पोरगी बसलीय.’’

आत भिंतीशी पाटावर पोरगी पुस्तकात मान घालून बसली होती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तीसुद्धा आवाज न करता. पाण्याचे दोन हंडे आधीच भरून ठेवलेले होते. मी उंबऱ्यावर त्याच्या शेजारी टेकलो. सात वाजायला वीस मिनिटं होती. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो.